शून्य दिसलं म्हणजे चाक झालं?

हात पूस आणि पुढे ये. बाकीचेही बॅलन्सिंग मशीनभोवती उभे राहा. बोलणार आहे याला, पण ऐकायचंय सगळ्यांनी. तुमच्यातला जो कोणी उद्या टायरच्या दुकानात कामाला लागेल, तो नेमकं हेच करणार आहे.

आत्ता "झालं सर, झिरो-झिरो आहे" म्हणून तू जे चाक उतरवलंस, तेच मी परत शाफ्टवर चढवलं. वजनांना हात लावला नाही, हवा कमीजास्त केली नाही. फक्त नट सैल केला, चाक शाफ्टवर अर्ध्या फेऱ्यानं सरकवलं, पुन्हा आवळलं आणि बटण दाबलं. बाहेरच्या बाजूला २५ ग्रॅम आले, आतल्या बाजूला १५. सगळ्यांनी पाहिलं. मशीन तेच, चाक तेच, वजनं तुझ्याच हातची. मग मघाचं शून्य कशाचं होतं?

सांग ना. खाली बघू नकोस.

नाही सांगता येत, कारण ते शून्य आलं कुठून हे तू पाहिलंच नाहीस. शाफ्टवरच्या कोनाला, म्हणजे चाक मध्यावर धरणाऱ्या शंकूला, एका बाजूनं माती वाळून घट्ट बसली होती. तिच्यावरच तू चाक टेकवलंस आणि नट आवळलास. चाक मध्यावर बसलंच नाही. किती सरकलं असेल? पाव मिलिमीटर. डोळ्याला दिसणार नाही इतकं. आता हिशोब कर. टायर आणि डिस्क मिळून हे चाक साधारण १५ किलोचं आहे. १५ किलो वजन मध्यापासून पाव मिलिमीटर सरकलं, तर १४ इंची रिमच्या कडेला त्याची भरपाई करायला २१ ग्रॅम लागतात. ते २१ ग्रॅम तू इमानेइतबारे ठोकलेस. म्हणजे चाकात नसलेला दोष तू वजन लावून चाकात घातलास. अर्ध्या फेऱ्यानं चाक फिरवलं की ती चूक दुप्पट होऊन समोर येते. २५ आणि १५, बेरीज ४०. जुळलं?

मशीननं तुला फसवलं नाही. तू जे बसवून दिलंस तेच त्यानं मोजलं. गाडीला हे चाक लागेल तेव्हा तिथे तुझा माती लागलेला कोन नसेल, गाडीचा हब असेल. तुझं शून्य इथेच शाफ्टवर राहील आणि ४० ग्रॅमचं निम्मं ओझं गिऱ्हाईक घेऊन जाईल.

आता बाकीचं. चाक धुतलं नाहीस. डिस्कच्या आत बोट फिरव, बघ काय हाताला लागतं. पावसाळ्यात गंगापूर-वैजापूरकडून, पैठणकडून येणाऱ्या प्रत्येक गाडीच्या डिस्कमध्ये आपली काळी माती बसलेली असते. वाळली की दगडासारखी होते. ती आत असताना तू वजनं लावलीस तर मशीन खरंच शून्य दाखवेल आणि ते शून्य त्या क्षणापुरतं खरंही असेल. मग चार दिवसांनी एका खड्ड्यात मातीचं ढेकूळ निखळेल आणि तुझी सगळी वजनं उलटी पडतील. गाडीवाला म्हणेल, बॅलन्सिंग करूनही स्टेअरिंग थरथरतंय. दुकानदार म्हणेल, टायर खराब आहे, नवा घ्या. भरणार कोण? गिऱ्हाईक.

जुनी वजनंही काढली नाहीस. डिस्कच्या कडेला आधीच्या कोणीतरी मारलेलं ३० ग्रॅमचं शिसं अजून तसंच आहे, त्याची पकड ढिली आहे, बोटानं हलतंय. त्याच्या समोरच्या बाजूला तू स्वतःचं २० मारलंस. दोन वजनं एकमेकांशी भांडत बसली आहेत आणि दोघांपैकी ढिलं आहे ते जालना रोडवर कुठेतरी पडणार आहे. काम सुरू करण्याआधी सगळी जुनी वजनं काढायची, चाक कोरं करायचं, हे पहिल्या दिवशी सांगितलं होतं.

आणि मापं. मशीन तीन मापं मागतं. मशीनपासून रिमच्या आतल्या कडेपर्यंतचं अंतर, रिमची रुंदी, रिमचा व्यास. व्यास टायरवर लिहिलेला असतो, तो तू बरोबर टाकलास. रुंदी किती टाकलीस? साडेसहा. कुठून आणलीस साडेसहा? टायरवर १६५ लिहिलंय, ते मिलिमीटर, म्हणजे साडेसहा इंच. ती टायरची रुंदी झाली. मशीनला रिमची रुंदी हवी आहे, वजन रिमच्या कडेला लागतं म्हणून. ही रिम पाच इंचाची आहे. मापायचा कैवार मशीनलाच टांगलेला आहे, तो हातात घ्यायला तुला किती वेळ लागला असता? माप चुकीचं दिल्यामुळे मशीननं दोन बाजूंची वजनं चुकीची वाटून दिली. म्हणून पहिल्या फेरीत शून्य आलं नाही. मग तू पाच ग्रॅम इथे, दहा ग्रॅम तिथे असे तुकडे चिकटवत गेलास. एका जागी एक वजन लागायला हवं होतं, तिथे या रिमवर ठिगळं दिसतायत. जिथे एका बाजूला दोन-तीन तुकडे चिकटलेले दिसतील, तिथे समजायचं की कारागिरानं माप घेतलेलं नाही.

अजून एक राहिलं. हे शून्यसुद्धा पूर्ण शून्य नसतं. मशीन असं बनवलेलं असतं की ठरलेल्या मर्यादेखालचा फरक ते दाखवतच नाही. पाच-सहा ग्रॅमच्या खाली गेलं की सरळ शून्य लिहून मोकळं होतं. खरा उरलेला आकडा बघायला वेगळं बटण आहे. या वर्गात ते बटण कोणी दाबलंय? हात वर करा.

कोणी नाही.

हे सगळं होऊनही मला राग आला तो तुझ्या मघाच्या बोलण्याचा. कोपऱ्यातल्या बबल बॅलन्सरकडे बोट दाखवून तू म्हणालास, "सर, हे भंगारात द्या, आता कॉम्प्युटर आलाय." बाकीचे हसले. तुला त्या भांड्याचा काय अनुभव आहे? ते कसं चालतं, कुठे चुकतं, कुठे चुकत नाही, यातलं एक तरी वाक्य तुला सांगता येईल? ज्याला जुनं कुठे कमी पडतं हे सांगता येत नाही, त्याला नवं कशासाठी आलं हेही कळलेलं नसतं.

ऐका आता.

सगळ्यात जुनी रीत गाडीवरच व्हायची. पुढचं चाक जॅकवर उचलायचं, ब्रेक चाकाला धरत नाही ना ते पाहायचं, बेअरिंग मोकळं आहे याची खात्री करायची आणि चाक हातानं हळू फिरवून सोडून द्यायचं. जड बाजू आपोआप खाली येऊन थांबते. खडूनं खूण करायची, पुन्हा फिरवायचं. तीनचारदा तीच जागा खाली आली की तिच्या बरोबर समोर वर वजन लावायचं. चाक कुठेही सोडलं तरी तिथेच थांबायला लागलं की काम झालं. यात वीज लागत नाही, पैसा लागत नाही. लागतो तो वेळ आणि मोकळं बेअरिंग.

त्यानंतर हा बबल बॅलन्सर. मधे एक टोक, त्यावर शंकू, शंकूच्या डोक्यावर गोल काचेत बुडबुडा. चाक आडवं ठेवायचं. जड बाजू खाली झुकते, बुडबुडा हलक्या बाजूकडे सरकतो. हलक्या बाजूला वजनं ठेवत ठेवत बुडबुडा मधल्या वर्तुळात आणायचा. मग ते वजन अर्धं-अर्धं करून रिमच्या आतल्या आणि बाहेरच्या कडेला लावायचं. पद्मिनी आणि अॅम्बेसेडरच्या काळात एवढ्यावर भागायचं, कारण त्या गाड्या आणि तेव्हाचे रस्ते दोन्ही सावकाश होते. शिवाय ज्यानं हे काम मन लावून केलं तो बुडबुडा मधे आला म्हणून थांबायचा नाही. तो आधी भांड्याची बैठक सपाट आहे का बघायचा, आणि शेवटी चाक शंकूवर अर्ध्या फेऱ्यानं फिरवून बुडबुडा पुन्हा मधेच राहतो का ते बघायचा. मी आत्ता तुझ्या चाकाची जी परीक्षा घेतली ती मी शोधलेली नाही. ती त्या भांड्याची परीक्षा आहे.

आता त्याची कमतरता सांगतो, तीही नीट ऐका, कारण मी जुन्याची आरती करायला उभा नाही. समजा चाकाच्या आतल्या कडेला खालच्या बाजूला २० ग्रॅम जास्त आहेत आणि बाहेरच्या कडेला वरच्या बाजूला २० ग्रॅम जास्त आहेत. बुडबुडा काय सांगेल? मधेच राहील. दोन्ही जडपणा समोरासमोर आहेत, भांड्याला चाक तंतोतंत सारखं वाटेल. गाडीवर हातानं फिरवलं तरी चाक कुठेही थांबेल. पण तेच चाक वेगात फिरू द्या. आतला जडपणा एकीकडे ओढतो, बाहेरचा त्याच क्षणी उलट ओढतो, आणि चाक उड्या मारण्याऐवजी डावी-उजवीकडे डुलायला लागतं. ते डुलणं टाय रॉडमधून सरळ स्टेअरिंगवर हातात येतं. हा दोष थांबलेल्या चाकात दिसतच नाही. तो बघायला चाक फिरवावं लागतं आणि दोन्ही कडांवरची ओढ वेगवेगळी मोजावी लागते. तेवढ्यासाठी हे मशीन आहे. रुंद टायर आले, वेग वाढला, आणि बुडबुड्याची हद्द संपली. आजच्या कारला बबल बॅलन्सरवर बॅलन्स करून समृद्धी महामार्गावर पाठवणाऱ्याला मी तुझ्याइतकाच दोषी धरीन.

मधल्या काळात आणखी एक पद्धत होती, चाक गाडीवर ठेवून मोटारीच्या चक्रानं फिरवायचं आणि चमकणाऱ्या दिव्याच्या उजेडात जड जागा पकडायची. तिचा मोठा गुण म्हणजे हब, ड्रम, डिस्क सगळं एकत्र बॅलन्स व्हायचं. धोकाही मोठा. मागचं एक चाक उचलून इंजिननं फिरवलं तर डिफरन्शियलमुळे वेगमापकावर ५० दिसत असताना उचललेलं चाक १०० नं फिरत असतं. ते माहीत नसलेल्या माणसानं त्या चाकापाशी उभं राहू नये. ती पद्धत दुकानातून जवळपास गेली, गेली ते ठीक झालं.

आणि मोटारसायकल? वाळूजला बजाजचा कारखाना १९८५ साली सुरू झाला, तिथल्या एमआयडीसीनं या शहरातली किती घरं उभी केली ते मी तुम्हाला सांगायला नको. तुमच्यातल्या कितीजणांचे वडील, काका तिथे कामाला आहेत. त्याच वाळूजमध्ये गुडइयर टायर बनवते, एन्ड्युरन्स शॉकअप आणि ब्रेक बनवते. शेंद्र्यात २००१ पासून स्कोडाच्या गाड्या जुळतायत. म्हणजे चाक, टायर, शॉकअप, ब्रेक आणि आख्खी गाडी बनवणाऱ्या गावात तुम्ही शिकताय. आणि इथल्या पोराला विचारलं की मोटारसायकलचं अरुंद चाक बॅलन्स करायला काय लागतं, तर तो म्हणतो, कॉम्प्युटर. अरे, दोन गुळगुळीत बेअरिंगांवर आस ठेव, चाक सोड, जड बाजू खाली येईल. चाक अरुंद आहे, आतल्या-बाहेरच्या कडेत अंतरच थोडं, त्यामुळे डुलण्याचा दोष फारसा उरत नाही. ही जुनी साधी रीत तिथे आजही पुरते. बुलेटचं तारांचं चाक असेल तर त्याआधी स्पोकच्या निपल आवळून-सैल करून रिम सरळ आणि गोल करून घ्यायची. वाकडी रिम बॅलन्स करायला बसणारा माणूस वजनं वाया घालवतो. हे ज्याला येतं त्याला मशीन मिळालं नाही तरी काम अडत नाही. मशीन बंद पडल्यावर तुझं काय अडेल याचा तू विचार केलायस का?

तुला वाटत असेल, २०-२५ ग्रॅमसाठी सर इतकं का बोलतायत. दोन बिस्किटांइतकं तर वजन. तुझ्या घरी ज्वारी असेल. कणसं भरली की माळ्यावर उभं राहून पाखरं राखताना गोफण फिरवली असशील. दगड तळहातावर ठेवला तर मुठीत मावतो, पण गोफणीत घालून फिरवला की खांद्यापासून हात ओढून नेतो, आणि जितकी जोरात फिरवशील तितकी ओढ वाढते. सरळ वाढत नाही, वेगाच्या वर्गानं वाढते. वेग दुप्पट, ओढ चौपट. आता आकडे लिहून घे. १४ इंची रिमच्या कडेला २० ग्रॅम जास्त. गाडी ताशी ३० नं चालली तर ओढ पाव किलोच्या आसपास, कोणाला कळणारही नाही. ६० ला एक किलोच्या वर. १२० ला साडेचार किलो. आणि तो साडेचार किलोचा झटका सेकंदाला १७-१८ वेळा, एकदा वर, एकदा खाली. १०० किलोमीटरला चाक ५० हजारांहून जास्त वेळा फिरतं. तेवढ्या वेळा तो हातोडा बेअरिंगवर, बॉल जॉइंटवर, टाय रॉडच्या टोकांवर, शॉकअपवर पडतो. टायर जागोजागी खड्डे पडल्यासारखा झिजतो. त्या झिजेनं नवा असमतोल तयार होतो, आणि तो पुन्हा टायर झिजवतो.

आणि १२० हा आकडा मी हवेतून घेतलेला नाही. समृद्धी महामार्गावर कारची वेगमर्यादा तीच आहे. ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर ते शिर्डी सुरू झाला, ५ जून २०२५ ला शेवटचा टप्पाही खुला होऊन सगळा ७०१ किलोमीटरचा रस्ता जोडला गेला. आपल्या गावाबाहेर सावंगीला किंवा माळीवाड्याला वर चढलं की पुढे ना सिग्नल, ना खड्डा, ना गाव. पूर्वी आपल्याकडची गाडी ६०-७० च्या वर फार वेळ राहायची नाही. रस्ताच राहू द्यायचा नाही. चाकातला दोष खड्ड्यांच्या दणक्यात झाकून जायचा. आता तीच गाडी तासन्‌तास एकाच वेगात पळते, खालचं काँक्रीट उन्हाळ्यात तापलेलं, आत बायको-पोरं झोपलेली. झिजलेल्या टायरच्या गाड्या समृद्धीच्या तोंडावरूनच परत पाठवल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या आहेत. कारच्या टायरची नक्षी १.६ मिलिमीटरच्या खाली गेली की तो टायर नियमानं बाद, तेवढं तपासनीसाला पट्टीनं मोजता येतं. डिस्कच्या आतली माती, कोनावरची माती, ढिलं वजन, हे रस्त्यावर उभ्या कुठल्या तपासनीसाला दिसणार? ते फक्त तुला दिसतं. ते दिसायला हवं होतं म्हणून मी आवाज चढवलाय.

विजेच्या गाड्या वाढल्या की आणखी कठीण होणार आहे. बिडकीनला त्यांचे कारखाने येऊ घातलेत, तुम्हाला नोकऱ्या तिथेच हव्या आहेत. त्या गाडीत इंजिनाचा आवाज नाही, इंजिनाची थरथर नाही. आज डिझेलच्या घरघरीत लपून जाणारी चाकाची थरथर तिथे बसणाऱ्याला लगेच जाणवेल. तेव्हा काय सांगणार आहेस, मशीननं शून्य दाखवलं होतं?

जुन्या माणसाकडे मशीन नव्हतं, म्हणून त्याला गिऱ्हाइकाशी बोलावं लागायचं. तू ते बोलणंच सोडून दिलंस. संध्याकाळी ज्या दुकानात कामाला जातोस तिथे गाडी लागली की सरळ जॅक लावतोस, हे तूच मला सांगितलंस. थरथर कुठल्या वेगाला सुरू होते, हे विचारतोस? ८० ला सुरू होऊन ११० ला कमी होते की वेगाबरोबर वाढतच जाते? हातात येते की बुडाखाली येते? स्टेअरिंग थरथरत असेल तर बहुधा पुढची चाकं, सीट थरथरत असेल तर बहुधा मागची. फक्त ब्रेक दाबल्यावर थरथरत असेल तर ब्रेकची डिस्क बघ, बॅलन्सिंगच्या नावानं त्याच्याकडून पैसे घेऊ नकोस. गाडी एका बाजूला ओढत असेल तर ते अलाइनमेंट किंवा हवा. खड्ड्यात आदळून रिम वाकली असेल तर चाक फिरताना बाजूनं डोळा लावून बघितलं तरी दिसतं, त्याला मशीन लागत नाही. वाकलेल्या रिमवरही मशीन शून्य आणून दाखवेल, वजन वाटून देईल. तरी ती रिम रस्त्यावर उड्या मारणारच, कारण ती गोल नाही. वजन सारखं असणं आणि चाक गोल असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. म्हणूनच काही नव्या मशीनांवर रोलर दाबून टायर भाराखाली कसा फिरतो तेही मोजतात. ज्यांनी ते मशीन बनवलं त्यांना शून्यावर समाधान मानायचं नव्हतं. तुला आहे.

टायर चढवतानाही डोळे मिटलेले असतात. नव्या टायरवर पिवळा ठिपका का असतो? टायरची ती बाजू सगळ्यात हलकी असते. तो हवेच्या व्हॉल्व्हपाशीच आणायचा, कारण व्हॉल्व्हपाशी रिम थोडी जड असते. एवढं केलं की पुष्कळदा वजन कमी लागतं. लाल ठिपका असेल तर तो भाराखाली टायर सगळ्यात कडक कुठे आहे ते सांगतो. रिमवर खाली असलेल्या जागेची खूण असेल तर लाल ठिपका तिथे घ्यायचा. तू टायर हाताला येईल तसा चढवतोस आणि नंतर ७०-८० ग्रॅम मागितले तर बिनधास्त मारतोस. इतकं वजन मागतंय म्हणजे काहीतरी चुकलंय, हे तुझ्या डोक्यात यायला हवं. हवा सोड, टायर रिमवर अर्धा फेरा फिरव, पुन्हा बघ. बहुतेक वेळा आकडा खाली येतो. दुकानदार वजनाचे पैसे ग्रॅमवर लावत असेल आणि त्याला ते जास्तच लागलेलं हवं असेल, तर ते त्याचं त्याच्यापाशी. या वर्कशॉपमधून बाहेर पडलेला मुलगा त्यात हात घालणार नाही.

शेवटी चाक गाडीला लावतानाही तेच. हबवर गंज, डिस्कच्या पाठीवर गंज, तरी तू तारेचा ब्रश फिरवत नाहीस. चाक टेकवतोस आणि इम्पॅक्ट गन घेऊन एका बाजूचे नट कडेपर्यंत ठोकतोस, मग दुसऱ्या बाजूचे. चाक तिरकं बसतं. मग मशीनवर एक ग्रॅमपर्यंत अचूक काम केलेलं असलं तरी त्याचा उपयोग काय? नट समोरासमोरचे, आलटून-पालटून, आधी हातानं, मग पान्यानं, शेवटी ठरलेल्या ताणाला टॉर्क पान्यानं. चिकलठाण्याला एसटीच्या मध्यवर्ती कार्यशाळेत शिकाऊ म्हणून तुमच्यातले काही जाणार आहेत. तिथे तुम्ही हात लावलेल्या बसमध्ये पन्नास माणसं बसतात. तिथे कोणी तुमच्या मागे उभं राहून नट मोजणार नाही.

आणि हे शिसं. काम झालं की जुनी वजनं झाडूनं कचऱ्यात लोटतोस, मघाशी ती हातात घेतलीस आणि त्याच हातानं खिशातला वडा काढलास. शिसं विष आहे, ते अंगात साठतं. युरोपात २००५ च्या जुलैपासून नव्या गाड्यांच्या चाकांना शिशाची वजनं लावायला बंदी आहे, तिथे जस्त आणि पोलाद वापरतात. आपल्याकडे अजून शिसं हातात येतं. काढलेली वजनं वेगळ्या डब्यात, आणि साबणानं हात धुतल्याशिवाय खायचं नाही. हे चाकाबद्दल नाही, तुझ्याबद्दल आहे.

तू हुशार आहेस. हात चपळ आहेत तुझे, टायर तुझ्याइतक्या लवकर या वर्गात कोणी उतरवत नाही. म्हणूनच तुझ्यावर बोलतोय. ज्याच्याकडून काही होणार नाही त्याला मी दोन वाक्यांत सोडतो. पण दिवसाला किती गाड्या काढल्या ही मोजणी तुझ्या डोक्यात बसली आहे, आणि ती तुझ्या मालकाची मोजणी आहे. तुझी नाही. तुझी मोजणी एवढीच, की तू हात लावलेलं चाक दुसऱ्या कोणी दुसऱ्या मशीनवर दुसऱ्या दिवशी चढवलं तर तोच आकडा येतो का.

आता कामाचं. हे चाक परत घे. सगळी वजनं काढ, तुझी आणि आधीच्याचीही. आतून-बाहेरून धू, भोकाची कड तारेच्या ब्रशनं घास, कापडानं पूस. मापाचा कोन निवड, कोन आणि शाफ्ट पुसून घे. कैवारानं रुंदी माप आणि आकडा मोठ्यानं वाच, म्हणजे सगळ्यांना ऐकू येईल. फिरव, वजन लाव, फिरव. मग बारीक आकड्याचं बटण दाब. मग नट सैल करून अर्धा फेरा, आणि पुन्हा. दोन्ही वेळा पाच ग्रॅमच्या आत आलं तरच उतरवायचं.

सोमवारी प्रत्येकानं एक-एक चाक घ्यायचं. मशीनचा वीजपुरवठा मी बंद ठेवणार आहे. आधी बबल बॅलन्सरवर जड बाजू शोधायची, खडूनं खूण करायची, किती वजन लागलं ते लिहायचं. दुपारनंतर तेच चाक मशीनवर जाईल. दोन आकड्यांत फरक आला तर तो का आला, हे जर्नलमध्ये स्वतःच्या शब्दांत लिहायचं. शेजाऱ्याचं उतरवलेलं मला ओळखू येतं. फरकाचं कारण लिहिल्याशिवाय सही मिळणार नाही. आणि आकडे पेनानं लिहायचे. पेन्सिलीनं लिहिलेलं पान मी वाचणार नाही.